दोन टिंबांच्या पलीकडे

सोलापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. राजश्रीस,
जय भीम.

पाकीट बघून हसू नकोस. फोन करता आला असता, पण फोनवर मी भाषण करतो असं तुझी काकू म्हणते आणि ते खरं आहे. कागदापुढे गर्दी नसते, टाळ्या नसतात, त्यामुळे माणूस मुद्द्यावर येतो. तूही कागदावरच उत्तर दे. माझ्या धाकट्या भावाचं, तुझ्या बापाचं, अक्षर तुझ्यात उतरलं आहे, ते बघायला मिळतं.

आपल्या रक्तमैत्री मंडळाला तू स्वतःचा चॅट सर्व्हर उभा करून दिलास. लोक मला विचारत, फुकटातली एवढी ॲपं असताना हा खटाटोप कशाला? मी सांगत असे: ज्यांच्या घामाचा हिशेब कायम दुसऱ्यांच्या हातात राहिला, त्यांच्या रक्ताचा हिशेब तरी त्यांच्याच हातात राहू द्या. माझ्या माणसाच्या अंगात कुठल्या गटाचं रक्त वाहतं, हे परदेशातल्या कंपनीला कळायचं कारण काय? आजही माझं मत तेच आहे.

अडचण वेगळीच आली आहे. सकाळी मोबाईल उघडावा तर गुलाबाची फुलं, वाफाळता चहा, उगवता सूर्य. त्या गर्दीत "रक्त हवे" ही ओळ हरवून जाते. दिवसभर फोन घेऊन बसते ती तुझी काकू. ती सगळ्यांना एकच उत्तर देते: "बोला." कुणी नमस्कार घातला की बोला. गुलाब आला की बोला. परवा पोळी करपली तेव्हा माझ्यावर उखडली, "तुमी गावभर भाषणं ठोकत फिरा, आन् मी हितं गुलाबाला बोला म्हनत बसते. ह्ये काय काम हाय व्हय?"

मी म्हणालो, "नागूबाई, क्रांतीला वेळ लागतो."

"क्रांती होईस्तोर सैपाक तुमी करा," म्हणाली.

तेव्हा बाई, असं काहीतरी कर की गुलाब गळून पडतील आणि रक्ताची मागणी तेवढी उरेल. दात्यांच्या फोनवर फक्त तीच जावी.

तुझा,
ईश्वरकाका


पुणे
२० फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,
सप्रेम जय भीम.

पाकीट बघून मी नाही हसले, पण ऑफिसातले हसले. काकूंना सांगा, पोळीची भरपाई मी आल्यावर करीन.

तुम्ही म्हणता ते करता येईल. कसं, ते सांगते. सर्व्हरवर येणारा प्रत्येक संदेश ही एक सुटी ओळ असते आणि तिची मांडणी ठरलेली असते. आधी पाठवणाऱ्याचं नाव. मग प्रकार, म्हणजे कुणी आत आलं, बाहेर गेलं, की काही लिहिलं. मग कुठल्या खोलीसाठी, म्हणजे कुठल्या चॅटसाठी. त्यानंतर एकाखाली एक दोन टिंबं, आणि टिंबांच्या पुढे त्या माणसाचं बोलणं. टिंबांच्या अलीकडचा भाग यंत्राचा असतो आणि तो कधी चुकत नाही. पलीकडे माणूस असतो, तिथे काहीही येऊ शकतं.

त्या पलीकडच्या भागाला मी एक साचा लावणार आहे. आमच्याकडे त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. अक्षरांचा साचाच तो: इथे रक्तगट हवा, इथे किती बाटल्या तो आकडा, इथे दवाखान्याचं नाव, इथे दहा अंकी मोबाईल. ओळ साच्यात बसली की त्या गटाच्या दात्यांकडे तत्काळ जाईल. नाही बसली तर बाजूला पडेल. अंक मराठी असोत की इंग्रजी, चालतील. बाटली म्हणा, पिशवी म्हणा, तेही चालेल. माझ्या परीने शंभर तऱ्हांनी मागून बघितलं, सगळ्या बसल्या.

एक गोष्ट ध्यानात घ्या. साचा एका वेळी एकच ओळ बघतो. आधीच्या ओळीत काय होतं याची त्याला आठवण नसते, आणि पुढे काय येणार याची तो वाट बघत नाही.

म्हणून विचारते: बाजूला पडलेल्या ओळींचं काय करायचं? रोज कुणीतरी त्यांच्यावर नजर टाकणार का?

तुमची,
राजश्री


सोलापूर
१ मार्च २०२५

चि. राजश्रीस,
जय भीम.

तुझं पत्र वाचून मला माझा माग आठवला. तरुणपणी मी चादरीच्या कारखान्यात जकार्डवर होतो, तुला माहीत आहे. वर पुठ्ठ्याचे पत्ते फिरत. पत्त्याला भोक असलं की धागा उचलला जाई, भोक नसलं की धागा खालीच राही. चादरीवर मोर उमटे तो उचललेल्या धाग्यांचा. म्हणजे तुझं शास्त्र आम्ही सोलापूरकरांनी आधीच विणून ठेवलं आहे.

बाजूला पडलेल्या ओळींवर नजर टाकायला माझ्याकडे माणूस नाही. काकू सुटली म्हणून हरखली आहे, तिला परत जुंपणार नाही. आणि खरं सांगू? तशी गरजही नाही. चाळीस वर्षं मी एकच गोष्ट सांगत आलो. मागताना मान खाली घालू नका. आढेवेढे घेऊ नका. काय हवं, किती हवं, कुठे हवं, ते ताठ उभं राहून सांगा. लाचारांच्या पिढ्या अशाच पायरीशी घुटमळत संपल्या. तुझा साचा नेमकं तेच मागतो आहे, म्हणून मला तो आवडला. ज्याला रक्ताची गरज आहे तो सरळ मागेल. त्याने सरळ मागायला शिकलंच पाहिजे.

सुरू कर.

ईश्वरकाका


सोलापूर
१४ ऑगस्ट २०२५

चि. राजश्रीस,
जय भीम.

मध्ये पत्र नव्हतं, कारण तक्रार नव्हती. तुझा साचा उत्तम चालला. मागणी आली की सात रस्त्यावरचा आपला दिपक हातातला चहा खाली ठेवून स्कूटरला किक मारतो. त्याचं रक्त ओ निगेटिव्ह, क्वचित सापडणारं, त्यामुळे तो स्वतःला जहागीरदार समजतो.

आज लिहितो आहे ते वेगळ्या कारणाने. परवा सात रस्त्याजवळ मंडळाची सभा झाली. मी म्हणालो, या शहरात मागितलं आणि रक्त मिळालं नाही, असा एक माणूस मला दाखवा. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर समोरून एक माणूस उठला. तिशीतला, अंगावर दुकानात गठ्ठे उचलणाऱ्यांचा असतो तसा मळका सदरा. हात जोडून म्हणाला, "सर, मी लिवलो होतो की."

एवढंच. आवाज चढलेला नव्हता.

मी विचारलं, "काय लिहिलं होतंस? किती बाटल्या मागितल्यास? कुठल्या दवाखान्यात?" तो जमिनीकडे बघत राहिला. शेजारच्याने सांगितलं, याची बायको जुलैत बाळंतपणात गेली. मी हादरलो, पण माईक हातात होता, राजश्री. मी म्हणालो, "बाबा रे, तू मागितलं असतंस तर रक्त आलं असतं. मागायला लाजू नका म्हणून मी इथे घसा फोडतो, आणि तुम्ही लाजून आपली माणसं घालवता!"

तो खाली बसला.

त्याचं नाव श्रीशैल. मूळचा अक्कलकोटच्या पलीकडचा, घरी कानडी बोलणारा, इथे नवी पेठेत कापडाच्या दुकानात आहे. मला खात्री आहे त्याने काही पाठवलेलं नाही. दुःखात माणसाला असे भास होतात. तरी तू एकदा सर्व्हरवर बघून मला लेखी कळव, म्हणजे विषय संपेल.

ईश्वरकाका


पुणे
२३ ऑगस्ट २०२५

ती. काकांस,
सप्रेम जय भीम.

मी बघितलं. जुलैतल्या त्या दिवशी श्रीशैल या नावाने आपल्या खोलीत काही ओळी आल्या होत्या, पण त्यांत रक्तगट नव्हता, आकडा नव्हता, मोबाईल नव्हता. त्यामुळे त्या मागणी म्हणून धरल्या गेल्या नाहीत. तांत्रिकदृष्ट्या बिघाड कुठेही नाही.

मी साच्यात सुधारणा करते आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तब्येत सांभाळा. काकूंना नमस्कार.

राजश्री


सोलापूर
२ सप्टेंबर २०२५

राजश्री,

"तांत्रिकदृष्ट्या" हा शब्द सरकारी माणसं वापरतात. तुझ्या हातून तो मला नको होता. तू काहीतरी झाकते आहेस.

इकडे काय झालं ते ऐक. काल श्रीशैलच्या दुकानातला अमरेश घरी आला. चहाला हात लावला नाही. म्हणाला, "सर, त्या दिवशी सभेला त्याचा मेव्हणा हुता. तुमचं बोलणं तसंच्या तसं गावात पोचलं. सासरे म्हणत्यात, सरांनी माईकवर सांगितलं, ह्यानं मागितलंच न्हाय. आमच्या पोरीसाठी ह्याच्या तोंडातून शब्द निघाला न्हाय. बाळ तिकडंच हाय, सर. परवा बघायला गेलता तर दारातून परत लावले."

बाळ मुलगी आहे. अजून तिचं नाव ठेवलेलं नाही. बाप नसताना ठेवणार नाहीत, आणि बापाला आत घेणार नाहीत.

काकू ऐकत होती. अमरेश गेल्यावर म्हणाली, "तुमच्या जिभेला हाड न्हाय ते न्हाय, माईक तरी खाली ठेवायचा हुता." एरवी मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

तेव्हा आता सारांश नको, निष्कर्ष नको. त्याच्या ओळी जशा आल्या तशा, एकही अक्षर न बदलता, मला कागदावर लिहून पाठव.

ईश्वर


पुणे
७ सप्टेंबर २०२५

काका,

हो, झाकत होते. त्या ओळी वाचल्यावर मी ऑफिसात बसू शकले नाही, आणि तुम्ही भरल्या घरात एकटे वाचाल या विचाराने मला भीती वाटली. आता देते. टिंबांच्या अलीकडचा यंत्राचा भाग प्रत्येक वेळी सारखाच आहे, तो फक्त पहिल्या ओळीत ठेवते.

श्रीशैल मजकूर #रक्तखोली : नमस्कार सर
: ऊट आयता. जेवण झालं का
: मी श्रीशैल नवी पेठ कापड दुकान. तुमचं भाषण ऐकलो होतो लई आवडलं
: सर हाय का
: घरात जरा बरं न्हाय
: थोडं काम होतं सर

इथे बराच वेळ काही नाही. मग दुपारी:

: सर कामात असाल. बसलोय हितंच
: हाय का सर

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी:

: राहू द्या सर. आता काम न्हाय. तरास दिलो माफ करा

एवढंच आहे.

प्रत्येक ओळ साच्यापुढे आली, एकटी आली, आणि बाजूला पडली. दात्यांपैकी कुणाच्याही फोनवर त्यातली एक ओळ गेली नाही. पूर्वी पहिल्याच नमस्काराला काकूंनी "बोला" लिहिलं असतं. त्यांनी ते कंटाळून लिहिलं असतं, पोळी लाटता लाटता लिहिलं असतं, पण तो पुढचं बोलला असता. काका, तो त्या एका शब्दाची वाट बघत बसला होता. आमच्या साच्याला उत्तर देता येत नाही. ते मी त्याच्यात ठेवलेलंच नव्हतं, कारण तुम्ही मागितलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं.

शंभर तऱ्हांनी मागून बघितलं असं मी तुम्हाला लिहिलं होतं. त्या शंभरही तऱ्हा माझ्या होत्या. मी काय, "ओ निगेटिव्ह, दोन बाटल्या" म्हणून मोकळी होणार. आजीकडे साखर मागायला आलेली शेजारीण आधी अर्धा तास अंगणाबद्दल बोलायची, हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलं आहे, आणि तरीही.

मी आता एकाच माणसाच्या पाठोपाठ आलेल्या ओळी जोडून बघणारा नवा साचा लिहिला आहे. "बरं न्हाय", "काम होतं", "हाय का" हे शब्दही त्यात घातले. श्रीशैलच्या ओळी त्याच्यातून सोडून बघितल्या. या वेळी पकडल्या गेल्या. पकडल्या गेल्या तेव्हा पडद्यावर हिरवी खूण आली, आणि मी लॅपटॉप मिटला.

त्या ओळी घेऊन तुम्ही त्याच्या सासऱ्यांकडे जाणार, हे मला कळतं. पण जपून, काका. ओळींत कुठेही "रक्त" हा शब्द नाही. ते वाचून सासरे म्हणतील, बघा, खरंच मागितलं नाही. तसं झालं तर बाळ कायमचं तुटेल.

राजश्री


सोलापूर
२१ सप्टेंबर २०२५

चि. राजश्रीस,
जय भीम.

जाऊन आलो.

आधी नवी पेठेत गेलो. श्रीशैल दुकानाच्या मागच्या बाजूला गठ्ठे रचत होता. मला बघून त्याने घाईने स्टूल पुसलं. मी चूक झाली असं म्हणायच्या आत तो म्हणाला, "जेवण झालं का सर?" त्याने पाणी आणून दिलं, वर मलाच म्हणाला, "चालतंय सर. तुमाला लई लोकं असत्यात."

मी विचारलं, "अरे, जीव जात होता, तरी तू थेट का नाही लिहिलंस?"

तो गठ्ठ्याची दोरी आवळत म्हणाला, "समोरच्यानं बोला म्हटल्याबिगर कसं बोलायचं, सर? आमच्यात तसं न्हाय. आन् तुमी मोठी मानसं. मी दवाखान्याच्या वट्ट्यावर फोन धरून बसलो. आता म्हनतील, आता म्हनतील. रक्तपेढीत जाऊन आलो, ते म्हनले त्या गटाचं न्हाय, मानूस घेऊन या. परत आलो, परत फोन बघितलो."

त्याच्या बायकोचा गट ओ निगेटिव्हच होता, आणि दिपक त्या दिवशी सात रस्त्यावरच होता. मी त्याला हे सांगितलं तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. डॉक्टर म्हणतात, रक्त मिळूनही महादेवी वाचली असती की नाही, सांगता येत नाही. महादेवी हे तिचं नाव. त्याने ते माझ्यापुढे एकदाही उच्चारलं नाही, "घरात" एवढंच म्हणतो. डॉक्टरांनी दिलेली ही सवलत मी घेणार नाही, तूही घेऊ नकोस.

मग त्याला घेऊन एसटीने त्याच्या सासुरवाडीला गेलो. अमरेशही आला. तुझा कागद माझ्या खिशात होता, आणि तू घातलेली भीतीही. वाटेत मी मनात भाषण जुळवलं. यंत्राच्या निर्दयपणावर, सरळ मागण्याची अट घालणाऱ्या व्यवस्थेवर. फार चांगलं जुळलं होतं. एसटीतून उतरताना माझ्या ध्यानात आलं की ही अट घालणारी व्यवस्था म्हणजे मीच होतो. मागताना मान ताठ ठेवा, हे मी शिकवलं. जो तशी मान ठेवू शकत नाही त्याच्याकडे कोण बघणार, हे मी कधी विचारलंच नाही.

सासरे गुरुलिंग कट्ट्यावर बसले होते. कपाळाला विभूती, सत्तरीचे असावेत. आत झोळी हलत होती, सासू दानम्मा तिच्यापाशी होती. श्रीशैल बाहेरच्या कडुलिंबाखाली थांबला. गुरुलिंगांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मला मात्र म्हणाले, "या. ऊट आयता?"

जेवलो, म्हणालो. मग पाणी आलं. मग त्यांनी सोलापुरातल्या पावसाचं विचारलं, एसटीला गर्दी होती का विचारलं, मला मुलं किती विचारलं. मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मुद्द्यावर यायची घाई केली नाही. शेवटी ते म्हणाले, "हं. बोला."

मी कागद काढला आणि वाचला. भाषण केलं नाही. नमस्कार सर. ऊट आयता, जेवण झालं का. अमरेश प्रत्येक ओळ कानडीत सांगत होता. घरात जरा बरं न्हाय. थोडं काम होतं सर. बसलोय हितंच. झोळीची दोरी आत थांबली होती. शेवटची ओळ अमरेशने माझ्या हातातला कागद घेऊन वाचली.

मी स्वतःच म्हणालो, कारण लपवणं मला शक्य नव्हतं, "यात रक्त हा शब्द नाही. पण हा..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "आजून काय मागायचं असतंय?" म्हणाले. "घरात बरं न्हाय म्हनला. काम हाय म्हनला. हितंच बसलोय म्हनला. ह्ये मागनंच हाय की. मी बी असंच मागितलो असतो."

दानम्मा बाहेर आली. झोळीतलं बाळ तिच्या खांद्यावर होतं. ती कट्टा उतरून सरळ कडुलिंबाखाली गेली आणि बाळ श्रीशैलच्या हातात दिलं. गठ्ठे उचलणारा माणूस तो, पण हात कसे धरायचे ते त्याला कळेना. दानम्माने त्याचा कोपर धरून वर केला.

मला वाटलं, काम झालं. मी उठायला लागलो. तेव्हा गुरुलिंगांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं, "मग तुमी काय म्हनला?"

मला कळलं नाही असं मी दाखवलं.

"ह्यो येवढं बोलला. नमस्कार केला, जेवलात का इचारला. मग तुमी काय म्हनला त्येला?"

राजश्री, सभांमध्ये मला अडवायला आलेली माणसं मी निरुत्तर केली आहेत. त्या कट्ट्यावर मी उभा होतो आणि माझ्याकडे एक शब्द नव्हता. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी सांगेन म्हणून.

तुझा नवा साचा ठेव, उपयोगी पडेल. पण त्याच्या आधी माणूस बसेल. पहिला मी. कालपासून बसलो आहे. आज सकाळी पहिला संदेश आला तो एक गुलाब, खाली शुभ सकाळ. कुणाचा ते ओळखलं नाही. काकू चहा घेऊन मागे उभी होती.

मी लिहिलं, "बोला."

पलीकडून अजून काही आलेलं नाही. मी बसलो आहे.

तुझा,
ईश्वरकाका